बंडीवरचे चार टक्के

अण्णांची मात्रा मेलबर्नमध्ये बसून बघता यायला लागली, तेव्हापासून सुनेत्राच्या फोनला उसंत म्हणून नव्हती. भाऊ सुकुमार तिकडून विचारायचा, आज आकडा दीड टक्क्यानं खाली का? इचलकरंजीची आत्या त्याच्याही आधी फोन लावून बसलेली असायची. क्रिकेटचा सामना बघावा तसं सगळं मगदूम घराणं रोज सकाळी फोन उघडून बसायचं आणि अण्णांच्या छातीवर पडणाऱ्या किरणांवर मतं द्यायचं. आत्यानं तर शेजारच्या दोघींनाही त्यात ओढलं होतं.

सुनेत्रा सांगलीच्या एका कर्करोग रुग्णालयात भौतिकतज्ज्ञ होती. किरण किती आणि कुठे द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. यंत्र तेवढेच आणि तिथेच देतंय ना, हे बघायचं काम तिचं. अण्णा म्हणजे तिचे वडील, भूपाल मगदूम, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. लवकर सापडली हे नशीब, पण किरणोपचार चुकले नाहीत. आपल्याच बापाचं मोजमाप आपण करू नये असा संकेत आहे खरा, पण त्या रुग्णालयात दुसरा भौतिकतज्ज्ञ होता कुठे?

पूर्वी हे मोजमाप यंत्राचं व्हायचं, माणसाचं नाही. यंत्राखाली पाण्याची टाकी ठेवायची, तिच्यात किरण सोडायचे, आकडा बरोबर आला की यंत्र चांगलं असं धरायचं. पण टाकी श्वास घेत नाही, खोकत नाही, महिन्यात चार किलो वाळत नाही. रुग्णाला नक्की किती मिळालं हे हिशेब मांडून सांगायचं, मोजून नव्हे. मग बंडी आली.

बंडीतलं शास्त्र कुणालाही कळेल इतकं सरळ होतं. काही पदार्थ एरवी वीज वाहू देत नाहीत, पण त्यांच्यावर किरण पडला की आतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि किरण असेपर्यंत त्यांच्यातून वीज वाहते. याला फोटोकंडक्टर म्हणतात. अंधार पडला की रस्त्यावरचे दिवे आपोआप लागतात, त्यात याच जातीचा तुकडा असतो. किरण जितका जास्त तितकी वीज जास्त, म्हणजे वीज मोजली की मात्रा कळली. अशा पदार्थाचा पातळ थर कापडावर देता यायला लागला. तिळाएवढे हजारो ठिपके, आणि प्रत्येक ठिपका सांगणार, माझ्यावर इतकं पडलं. त्या कापडाची बंडी शिवून रुग्णाला घातली की पडद्यावर त्याच्या अंगाचा नकाशा उमटायचा आणि कुठे किती मात्रा गेली ते जागच्या जागी दिसायचं.

सकाळी मात्र बंडीला आधी थोडे किरण पाजावे लागत. थरातल्या स्फटिकात बारीक खळगे असतात. सुटे झालेले इलेक्ट्रॉन आधी त्यांत अडकतात आणि ते भरेपर्यंत आकडा कमी येतो. म्हणून रिकाम्या टेबलावर बंडी अंथरायची, तिच्यावर थोडे किरण सोडायचे आणि मगच ती रुग्णाला घालायची. यंत्र चालवणारा तंत्रज्ञ इरफान मुजावर याला बंडीचा चहा म्हणायचा. बंडीचा चहा झाल्याशिवाय तो स्वतःचाही घेत नसे.

बंडीच्या मागोमाग कायदा आला. ज्याच्या अंगावर किरण पडतात त्याला आकडा बघायचा हक्क, आणि तो म्हणेल त्याला दाखवायचाही हक्क. ठरलेल्यापेक्षा तीन टक्के इकडेतिकडे झालं की आकडा लाल आणि यंत्र तिथल्या तिथे बंद. एकाच दिवशी दोन रुग्णांचे आकडे लाल झाले तर यंत्राला कुलूप, म्हणजे रुग्णावर ते चालवायचंच नाही. ते उघडायचं तर नुसतं कारण सांगून भागत नसे. प्लास्टिकच्या बाहुल्यावर तीच चूक पुन्हा करून दाखवायची, आणि ज्यांचे आकडे लाल झाले त्यांच्या माणसांनाही ती थेट दाखवायची. लोकांचा विश्वास मिळवायचा तर उघड्यावर मिळवावा, असा त्यामागचा विचार होता. विचार चांगलाच होता, फक्त तो करणाऱ्यांच्या घरात म्हातारे वडील नसावेत.

सुनेत्राला बंडी फार आवडायची. अण्णांच्या श्वासाची लय, वजन घटलं की छातीचा बदलणारा उतार, सगळं तिला नकाशावर दिसायचं. आई गेल्यापासून घरात दोघंच. त्यांचं जेवण, गोळ्या, फिरणं, झोप, सगळ्याचं तिनं वेळापत्रक बांधून दिलं होतं आणि भडंगाचा डबा तर स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला होता. अण्णांचं आता आपल्यापासून काही लपलेलं नाही, असं तिला मनापासून वाटायचं. याबाबतीत ती जरा भाबडीच होती.

त्या गुरुवारी अण्णा नेहमीप्रमाणे टेबलावर झोपले. मात्रेचे दोन हिस्से गेले, तिसरा उरला, आणि आकडा लाल झाला. गळ्याखालच्या हाडाजवळ चार टक्के जास्त. यंत्र थांबलं. आतून अण्णांनी विचारलं, वीज गेली काय, म्हणून. सुनेत्रानं काही नाही म्हणून सांगितलं. तेवढ्यात फोन वाजायला लागला.

तिनं फोन पालथा घातला आणि कामाला लागली. अण्णांना उतरवलं, पाण्याची टाकी आणवली, यंत्र तपासलं. यंत्र निर्दोष. मग बंडीचा दोष असणार, म्हणून दुसरी कोरी बंडी घेतली, तिला चहा पाजला, अण्णांना घातली आणि अगदी थोडे किरण सोडून पाहिलं. पुन्हा तिथंच लाल, पुन्हा चारच टक्के. दोन वेगळ्या बंड्या एकाच जागी एकच चूक करत नाहीत. तिनं अण्णांना बाहेर बसवलं आणि दुसऱ्या रुग्णांना घेतलं, तर ते एकामागून एक ठीक. जाऊ दे, अण्णांचंच काहीतरी आहे, असं ती म्हणते न म्हणते तोच हेमलता शेटे यांचा नंबर आला.

हेमलताबाई तासगावच्या. नवरा गेल्यावर बेदाण्याचं शेड एकटीनं चालवलेली, साठीला टेकलेली खमकी बाई. डाव्या स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार चालू होते आणि तेवढ्या दिवसांपुरत्या त्या रुग्णालयाच्या धर्मशाळेत राहत होत्या. त्या टेबलावर झोपल्या, किरण सुरू झाले आणि थोड्या वेळात गळ्याखालच्या हाडाजवळ आकडा लाल. यंत्र थांबलं आणि यावेळी पडद्यावर कुलपाची खूण आली.

बाहेर दालनात माणसं खोळंबली होती. कुणी जतहून आलेलं, कुणी विट्याहून. अण्णांचा आणि हेमलताबाईंचा तर घास अर्ध्यावर राहिला होता. उरलेली मात्रा त्याच दिवशी गेली तर तिचा पूर्ण उपयोग, नाहीतर मधल्या वेळात गाठीला सावरायला सवड मिळते. कंपनीचा अभियंता बंगळूरहून यायचा तर सोमवार उजाडणार होता. मोठ्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही तर रुग्णांना कोल्हापूरला धाडायची तयारी करतो. आज संध्याकाळच्या आत अण्णांची मात्रा पुरी करायची, एवढं एकच सुनेत्राच्या डोक्यात होतं.

तिनं दोन्ही नकाशे पडद्यावर शेजारी शेजारी लावले. इरफान मागे उभा होता. आतापर्यंत दोघंही फक्त आकडे बघत होते. आता तिनं ठिपके मोठे केले, तेव्हा लाल डाग हा डाग नव्हताच. चार पट्टे होते, वर रुंद, खाली निमुळते होत गेलेले.

"मॅडम," इरफान म्हणाला, "ही बोटं आहेत."

यंत्राला बोटं नसतात. म्हणजे कुणीतरी या दोघांच्या अंगाला काहीतरी लावलं होतं. उपचार चालू असताना कातडीला तेल नाही, पावडर नाही, काही म्हणजे काही लावायचं नाही, हे सुनेत्रा प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावून सांगे. अण्णांना तर तिनं ते रोज ऐकवलं होतं. आणि समजा लावलं, तरी वरून लावलेल्या गोष्टीनं किरण वाढतील कसे? किरण वाढले नसतील तर बंडीला जास्तीचं काय दिसलं?

उत्तर अर्धं तिला माहीत होतं. फोटोकंडक्टर आंधळा नसतो, पण त्याला भेदही कळत नाही. क्ष-किरण पडो की साधा उजेड पडो, तो वीज वाहू देणारच. म्हणून बंडीला बाहेरून काळा थर होता. अंगाच्या बाजूलाही प्रकाश असतो. इतके जोरकस किरण शरीरातून जातात तेव्हा शरीरच अगदी मंद निळं उजळतं. डोळ्यांना दिसत नाही, बंडीला दिसतं. बंडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं, त्यांनी आतून निळा रंग अडवणारा थर दिला होता. घाम, तेल, साबण, मलमं, सगळं लावून त्यांनी बंडी तपासली होती. मग निळा अडवल्यावर राहिलं काय?

हेमलताबाई कपडे बदलायच्या खोलीत थांबल्या होत्या. सुनेत्रानं त्यांची परवानगी घेऊन गळ्याखालची जागा बघितली. साबणानं घासघासून धुतलेली कातडी, तरी तिच्यावर हलकी पिवळी झाक. नखांच्या कडा तर चक्क पिवळ्या. सुनेत्रानं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, काल धर्मशाळेत आमटीला फोडणी घातली, तेव्हा सांडली असेल. एवढं मोठं बेदाण्याचं शेड चालवणाऱ्या बाईला आमटीची हळद गळ्यावर सांडून घेता येते, यावर विश्वास ठेवणं कठीण होतं. बाईंनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी मान फिरवली.

हळद निळा प्रकाश गिळते आणि हिरवट पिवळा परत देते. बंडीचा थर निळा अडवत होता, पिवळा नाही. जगभरच्या तज्ज्ञांनी सगळं तपासलं, आणि जिथं हळदीचा एवढा बाजार भरतो त्या सांगलीत येऊन बंडी फसली. सुनेत्राला क्षणभर हसू आलं. मग दुसरा विचार आला आणि ती तिथल्या बाकावर बसलीच.

हेमलताबाईंना हळद लागली होती. अण्णांनाही लागली होती. अण्णांच्या नकाशावर पट्टे ठळक होते, बाईंच्या नकाशावर जरा फिके. आधी अण्णांना, मग उरलेली बाईंना. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावतात हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही.

तिला आधी राग आला. ज्या माणसाच्या छातीच्या तिळातिळाचा आकडा आपल्याला पाठ आहे, त्याचं लग्न ठरलं, हळद झाली, आणि आपण त्याला रात्री गोळी घेतली का म्हणून विचारत होतो. मग आईची आठवण आली. ती तोंड धुऊन कँटीनकडे निघाली.

अण्णा कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर चहा पीत बसले होते. चेहरा पडलेला. यंत्र बिघडलं आणि पोरीवर आलं, याचीच त्यांना काळजी होती. सुनेत्रा समोर बसली.

"अण्णा, कालची हळद थोडी उरलीय का?"

अण्णांनी कप खाली ठेवला. कसली हळद असं त्यांनी विचारलं नाही.

"हेमलताबाईंच्या खोलीवर वाटी आहे," ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या बंडीनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दोघांच्या नंबरांत फार अंतर नसायचं, बाकावर शेजारी बसणं व्हायचं. आधी औषधांचं बोलणं, मग बेदाण्याचं, मग कशाचंही. एके दिवशी बाईंना ताप आला आणि त्या आल्या नाहीत, तेव्हा अण्णांना दिवसभर काही सुचलं नाही. लग्न दोघांचे उपचार संपल्यावर कचेरीत जाऊन करायचं, तोवर कुणाला बोलायचं नाही, असं ठरलं होतं. पण दालनातल्या बायकांना कळल्याशिवाय राहतंय होय? त्यांतल्या जतच्या गौराक्काचे उपचार काल संपले. तिची गाठ काही ऐकत नव्हती, आणि ते तिला माहीत होतं. ती म्हणाली, तुमचं लगीन बघायला मी येतीय का न्हाई कुणाला ठावं, हळद तरी बघून जाते. तिला नाही कसं म्हणायचं? गालाला आणि हाताला लावा, गळ्याखाली नको, असं दोघांनी तिला सांगितलं होतं. पण म्हातारीचा हात थरथरता, तो खाली घसरला. दोघांनी लगेच साबणानं धुतलं, आणि हळद गेली असं त्यांना वाटलं.

"मला का नाही सांगितलंत?" सुनेत्रानं विचारलं.

"सांगणारच होतो. पण आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस, हे मला माहीत होतं. तू त्यांचे रक्ताचे रिपोर्ट मागितले असतेस. वजन विचारलं असतंस. आम्हां दोघांना मिळून एक वेळापत्रक करून दिलं असतंस." अण्णा जरा थांबले. "मला काहीतरी माझं माझं पाहिजे होतं सुनू. आकडा नसलेलं."

तिला वाईट वाटलं. राग आला होता त्याहून जास्त वाईट वाटलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तिनं त्यांचा थंड झालेला चहा बाजूला सारला आणि दुसरा सांगितला.

मग तिनं त्यांना अडचण सांगितली. कारण सापडलंय, पण ते बाहुल्यावर करून दाखवल्याशिवाय कुलूप उघडत नाही, आणि दाखवायचं म्हणजे सुकुमार बघणार, आत्या बघणार, हेमलताबाईंचा मुलगा बघणार. दोन माणसं आणि एक हळद, यातून काय निघतं ते आत्याला समजावून सांगावं लागणार नाही. दुसरा मार्गही होता. कारण सापडलं नाही म्हणायचं. चार दिवसांत हळद आपोआप उतरेल, अभियंता येईल, त्याला काही सापडणार नाही आणि यंत्र पुन्हा सुरू होईल. तोवर सगळ्यांचे उपचार बंद राहतील. निर्णय तुमच्या दोघांचा, असं ती म्हणाली, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच अण्णांना ठरवायला सांगतोय हे तिचं तिलाच जाणवलं.

"त्यात ठरवायचं काय?" अण्णा उठले. "बाहेर एवढी माणसं बसलीत. पण बाईंना विचारायला पाहिजे."

हेमलताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मुलगा बसवराज पुण्याला असतो, स्वभावानं कडक आहे, त्याला सवडीनं समोर बसवून सांगायचं होतं, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या नखांच्या पिवळ्या कडांकडे बघितलं.

"मॅडम, लपवण्यासाठी काही हळद लावून घेतली नव्हती मी," शेवटी त्या म्हणाल्या. "वाटी आणते. दाखवा सगळ्यांना."

बाहुला म्हणजे डोकं नसलेलं प्लास्टिकचं धड, माणसाच्या अंगासारखंच किरणांना वागणारं. किरण गेले की तेही तसंच मंद निळं उजळतं. त्याला टेबलावर निजवेपर्यंत बातमी दालनभर झाली होती आणि दाराशी बायकांची दाटी. इरफान त्यांना मागे सारत होता, पण त्याचं स्वतःचंच लक्ष वाटीकडे. त्याच्या घरातही लग्नाआधी हळद लागते, प्लास्टिकला लागलेली मात्र आजवर बघितली नाही, असं तो म्हणाला.

पडद्याच्या कडेला माणसांचे चौकोन उघडले. मेलबर्नचा सुकुमार, इचलकरंजीची आत्या शेजारणींसकट, पुण्याचा बसवराज टाय लावून. सुनेत्रानं आधी कोरा बाहुला दाखवला. बंडी घातली, किरण सोडले, आकडा हिरवा. मग तिनं वाटीत बोटं बुडवली. खरं तर फडक्यानं पुसून लावली असती तरी चाललं असतं, पण चूक होती तशीच करून दाखवायची होती. तिनं चार बोटं बाहुल्याच्या गळ्याखाली ओढली. दारातल्या कुणीतरी हळदीचं गाणं धरलं आणि बाकीच्यांनी उचललं. हे प्रयोगाच्या नियमांत बसत नव्हतं, पण सुनेत्रानं कुणाला गप्प केलं नाही. तिनं बाहुल्याचं अंग चोळून धुतलं, बंडी पुन्हा चढवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि किरण सोडले.

पडद्यावर चार पट्टे उमटले. चार टक्के, किंचित कमी.

तिनं बघणाऱ्यांना सांगितलं की हा किरण नाही, हा हळदीचा उजेड आहे. दोन्ही रुग्णांना मिळालेली मात्रा ठरलेलीच होती, एका कणानंही जास्त नाही. ती पुढे काय बोलावं याचा विचार करत होती, तेवढ्यात अण्णा तिच्या खुर्चीमागून पुढे आले.

"मी भूपाल मगदूम. यंत्र चांगलं आहे, बंडी चांगली आहे, सुनेत्राचं काम चांगलं आहे. काल मला हळद लागली आणि माझी उष्टी हळद या हेमलताबाईंना लागली. आम्ही लग्न करतोय."

सुकुमारचा चौकोन अडकलाय की तोच गप्प आहे, हे कळेना.

"हळदीला मला न्हाई बोलावलंस होय रे?" आत्या म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता, पण भांडायची तयारीही त्यात पुरती होती. अण्णांनी तिची माफी मागितली, शेजारणींनी मध्ये पडून ती मान्य करवून घेतली आणि तोवर सुकुमारला हसू फुटलं होतं. तुला माहीत होतं का, असं त्यानं सुनेत्राला विचारलं. तिनं सांगितलं, दुपारपर्यंत नव्हतं.

हेमलताबाई बसवराजच्या चौकोनाकडे बघत पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"आईची आजची ट्रीटमेंट पुरी होणार ना?" त्यानं विचारलं.

"आज संध्याकाळच्या आत," सुनेत्रा म्हणाली.

"मग रविवारी येतो मी सांगलीला. बाकीचं तेव्हा बोलू." त्यानं टाय सैल केला. "मगदूम सरांनाही असू दे म्हणावं तिथं."

कुलपाची खूण गेली. पण अण्णांच्या आणि हेमलताबाईंच्या अंगावरची हळद काही गेली नव्हती, बंडी घातली की पुन्हा लाल होणार. मधे काळं कापड घालू, इरफान म्हणाला. यावर दारातल्या बायका खवळल्या. हळदीच्या अंगाला काळं लावतात होय? सुनेत्रा त्यांना प्रकाशाचे नियम समजावून सांगायला निघाली होती, पण त्यांच्यावरून तिला वेगळंच सुचलं. हळदीचा उजेड हिरवट पिवळा. तो अडवायला काळंच पाहिजे असं कुठे आहे? जाड लाल कापड तो तितकाच गिळतं. तिनं विचारलं, कुणाकडे लाल खण आहे का. एकीकडे होता, मिरजेहून घेतलेला, अजून घडीसुद्धा न मोडलेला. बाहुल्यावर खण ठेवून तिनं तिसऱ्यांदा किरण सोडले. पट्टे गायब, आकडा हिरवा.

अण्णांनी आधी खोळंबलेल्यांना घ्यायला लावलं. विट्याचे गेले, जतचे गेले, मग अण्णांचा उरलेला हिस्सा पुरा झाला. ते बाहेर येऊन बाकावर बसले, पण घरी जायला निघाले नाहीत. शेवटचा नंबर हेमलताबाईंचा होता.

सुनेत्रानं त्यांना टेबलावर नीट निजवलं आणि गळ्याखाली खण पसरला. त्याच्या सुरकुत्या काढताना तिचा हात जरा रेंगाळला. नव्या नवरीच्या ओटीत घरातल्या कुणीतरी खण घालायचा असतो, आणि या घरात ते करायला आपल्याशिवाय कुणी नाही, हे तिच्या ध्यानात आलं. हेमलताबाई वर तिच्याकडे बघत होत्या. तिनं वरून बंडी चढवली आणि बाहेर येऊन पडद्यापाशी बसली.

डाव्या बाजूचे किरण देताना रुग्णानं श्वास भरून धरायचा असतो. छाती फुगली की हृदय मागं सरकतं आणि किरणांच्या वाटेतून बाहेर राहतं. हेमलताबाई एरवी यात पटाईत होत्या. आज मात्र श्वास धरला की सुटत होता, पुन्हा धरला की पुन्हा सुटत होता. नकाशावर त्यांची छाती हलताना दिसत होती. यंत्र नुसतं वाट बघत थांबलेलं. इरफाननं घड्याळाकडे बघितलं.

आकडा बघून सुनेत्राला सांगता आलं असतं की किती टक्के हालचाल होते आहे. तिनं माइकचं बटण दाबलं.

"हेमाकाकू, घाई नाही. रडून घ्या हवं तर. अण्णा बाहेर थांबलेत, मी पण इथंच आहे. तुमचं झालं की तिघं मिळून घरी जाऊ."

थोड्या वेळानं नकाशा हलायचा थांबला. हेमलताबाईंनी छाती भरून श्वास घेतला आणि धरला, हृदय मागं सरकलं, आणि उरलेली मात्रा जिथं पोचायची होती तिथं पोचली.